टेकडीवर अठरा, खाली नऊ

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. पण माझ्यात कधी कुणी भाजी ठेवली नाही की फुलं वेचली नाहीत. मी लोखंडाची आहे. एका खांबावर उभी असते आणि माझ्या डोक्यावरच्या कड्यापासून पोटापर्यंत साखळ्या लोंबतात. मला पहिल्यांदा पाहणारी माणसं हमखास बुचकळ्यात पडतात. कुणाला मी पाखरांना दाणे घालायची जागा वाटते, कुणाला मोडका दिवा. एका गृहस्थांनी तर केळ्याची साल माझ्यात टाकली आणि शहर स्वच्छ ठेवल्याच्या समाधानात ते निघून गेले.

खरं म्हणजे मी डिस्क गोल्फ या खेळाची टोपली आहे. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत मारत खड्ड्यात घालतात ना, तसं या खेळात हाताने तबकडी फेकत फेकत टोपलीत घालायची असते. ज्याला सर्वांत कमी फेकी लागतील तो जिंकला. तबकडी माझ्या साखळ्यांवर आदळते, साखळ्या तिचा वेग गिळून टाकतात आणि ती निमूट माझ्या पोटात पडते. त्या वेळी जो खळखळाट होतो, त्या आवाजासाठीच माणसं हा खेळ खेळतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. हार-जीत हे आपलं निमित्त.

माझा जन्म एका वेल्डरकाकांच्या शेडमध्ये झाला. व्यायाम शिकवून निवृत्त झालेले एक सर त्यांच्याकडे आले आणि हवेत हातवारे करून टोपली कशी हवी ते सांगू लागले. साखळ्या फार घट्ट नकोत, फार सैल नकोत, तबकडी आत आली पाहिजे पण उसळून बाहेर जाता कामा नये. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, नक्की काय पकडायचंय? चोर का?" तरीही त्यांनी मला बनवलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझ्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. काम झाल्यावर तबकडी कुणाकडेच नव्हती. तेव्हा काकूंनी जेवणाच्या डब्याचं झाकण उचललं आणि माझ्याकडे भिरकावलं. झाकण साखळ्यांत शिरलं, खळखळलं आणि आत पडलं. तिघेही एकदम हसले. जन्मल्याबरोबर ऐकलेला तो आवाज माझाच होता, हे मला नंतर कळलं.

आम्ही नऊ बहिणी. बसच्या डेपोमागे, कालव्याच्या काठाला एक सपाट मैदान आहे, तिथे आम्हांला रोवलं. मैदानाच्या एका अंगाला सरकारी दवाखाना. मी सातवी. माझ्या शेजारीच एक बाक होता, आणि माणसं बाकावर बसली की बोलतातच. म्हणून या गोष्टीतलं जे मी पाहिलं नाही, ते मी बाकावर ऐकलं आहे.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्यासमोर रांग लागायची. सर शिट्टी गळ्यात घालून हिंडायचे, पण ती क्वचितच वाजवायचे. पुढे ते आपल्या मुलीकडे राहायला दुसऱ्या गावी गेले. जाण्याआधी त्यांनी आम्हां नऊजणींच्या साखळ्यांच्या कडी न कडीला तेल दिलं, हात फडक्याला पुसले आणि मागे न बघता गेले. मला वाटतं, मागे बघितलं असतं तर त्यांना जाणं जड गेलं असतं.

मग टेकडीवर नवं मैदान झालं. तिथे अठरा टोपल्या, झाडाझाडांतून जाणारे रस्ते, वरून सगळं शहर दिसायचं. स्पर्धा भरू लागल्या. आमचे खेळाडू आधी सुट्टीच्या दिवशी वर जाऊ लागले, मग रोजच. त्यांना दोष कसा द्यायचा? मला पाय असते तर एकदा मीही जाऊन बघून आले असते. आमच्याकडे मात्र गवत वाढलं. मुंग्यांनी माझ्या पायाशी वारूळ बांधलं. साखळ्या गंजल्या, आणि वारा सुटला की त्या वाजायच्या त्याही कुरकुरत.

तरी दोघांनी आमची साथ सोडली नाही. एक डेपोतला बसचालक. उंची अशी की सगळे त्याला लंबू म्हणत. दोन फेऱ्यांच्या मध्ये जेवढा वेळ मिळे तेवढ्यात तो खेळून जाई, तोही एकटाच. दुसऱ्या म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांचे गुडघे कुरकुर करत, म्हणून टेकडी त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. त्या म्हणायच्या, "माझे गुडघे आणि या टोपलीच्या साखळ्या एकाच वयाच्या."

अशात एके दिवशी उद्यान विभागातल्या एक बाई आल्या. हातात मोजणीचं छोटं यंत्र, एक माणूस दिसला की एक खटका. लंबूने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. त्यांच्यावर काम सोपवलं होतं ते असं: आपल्या भागात डिस्क गोल्फची मैदानं पुरेशी आहेत का, ते बघायचं. प्रश्न उगाच उपटला नव्हता. दवाखान्यात रुग्ण वाढले होते. गाड्या रस्त्यावर वेड्यावाकड्या लागत, आणि मध्यंतरी रुग्णवाहिका फाटकातच अडकून पडली होती. टेकडीवरचं मैदान पुरेसं असेल, तर खालचं दवाखान्याला द्यावं असं साहेबांच्या मनात होतं. यात काही चूक होतं असं मीसुद्धा म्हणणार नाही.

मोजणीबाई कामाला चोख होत्या. त्या सकाळी येऊन बघत, दुपारी बघत, सुट्टीच्या दिवशीही बघत. माझ्या शेजारच्या बाकावर बसून त्या वाट पाहायच्या. यंत्राचा खटका लंबूसाठी एकदा, सिस्टरसाठी एकदा, की झालं. मग त्या टेकडीवर जाऊन आल्या आणि इथेच बसून त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, वर माणसं मावत नाहीत आणि खाली माणूस सापडत नाही. माझ्या मते एक मैदान पुरे आहे."

झालं. एका वाक्यात आमचा निकाल लागला. मला वाईट वाटलं, पण रागवावं असं त्या वाक्यात काही नव्हतं. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं होतं.

त्यानंतर मापं घ्यायला त्या पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या सासूबाई होत्या. नवरा कामासाठी परगावी, आणि सासूबाईंची काळजी घेणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून सुनेने सोबत आणलं आणि बाकावर बसवलं. या आजी कधी काळी शिवणकाम करायच्या. त्यांचं स्वतःचं दुकान होतं, हाताखाली माणसं होती. मागच्या वर्षी आजारपण आलं आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून त्या खिडकीशी बसून असायच्या. सून आपुलकीने सगळं हातात द्यायची, आणि नेमकं तेच त्यांना सोसवत नव्हतं.

सून मापं घेत लांब गेली. आजींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग काठीने गवत चाळवलं. तिथे कुणाची तरी विसरलेली, कडेला चिरलेली नारिंगी तबकडी पडली होती. आजींनी ती डाव्या हाताने उचलली, उलटसुलट करून पाहिली, कापडाचा पोत पाहावा तशी अंगठ्याने कड चाचपली आणि फेकली. ती त्यांच्याच पायाशी पडली. त्यांनी पुन्हा उचलली. दुसऱ्यांदा ती बाकाखाली गेली. मग खांबाला लागून परतली. आजी तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. सुईत दोरा जात नसला की शिंपी पुटपुटतात तसं. आणि मग केव्हातरी ती तबकडी वाकडीतिकडी उडत आली आणि माझ्या साखळ्यांत शिरली.

किती दिवसांनी मी अशी वाजले होते. आजींनी दचकून आजूबाजूला पाहिलं, जणू तो आवाज दुसऱ्याच कुणीतरी केला असावा. सून परत आली तेव्हा त्या शहाण्यासारख्या बाकावर बसल्या होत्या. तबकडी मात्र त्यांच्या पिशवीत होती.

आजींचं घर मैदानापासून दोनच गल्ल्या पलीकडे होतं. सून कामाला गेली की सांभाळणाऱ्या बाईला कटात घेऊन त्या काठी टेकत येऊ लागल्या. सुनेला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ‘जपून’ हा शब्द ऐकावा लागेल, असं त्या सिस्टरना म्हणाल्या. सिस्टरनी त्यांना उभं कसं राहायचं ते दाखवलं. लंबू मनगट कसं झटकायचं ते शिकवायचा. आजींची जीभ त्यांच्या कात्रीइतकी चालायची. फेक चुकली की डाव्या हाताकडे बघून म्हणायच्या, "हा हात म्हणजे घरजावई आहे. जन्मभर नुसतं बसून खाल्लं, आता कुठे कामाला लागलाय." लंबू इतका हसायचा की त्याची स्वतःची फेक कालव्यात जायची. हळूहळू आजींच्या ओळखीची आणखी दोन-तीन माणसं येऊ लागली. मोजणी तेव्हा संपली होती, त्यामुळे विभागातलं कुणी बघायला नव्हतं.

मग एका दुपारी मोजणीबाई दोन मजुरांना घेऊन आल्या. गाड्या कुठे लागतील त्या ठिकाणी चुन्याच्या खुणा करायच्या होत्या. मजूर माझ्या पायाशी पांढरी रेघ ओढत होते आणि बाईंनी वर पाहिलं, तर समोर त्यांच्या सासूबाई. एक पाय पुढे, तबकडी डाव्या हातात, डोळे माझ्यावर. घरात पेला उचलतानासुद्धा जिला मदत लागते असं त्यांना वाटत होतं, ती ही बाई.

आजींनी सुनेला पाहिलं, तरी फेक पुरी केली. लागली नाही. मग त्या येऊन बाकावर बसल्या. मोजणीबाईंनी मजुरांना चहाला पाठवलं आणि त्याही शेजारी बसल्या. 

"आई, हे मैदान माझ्याच शब्दावरून बंद होतंय," सून म्हणाली.

"कळलं मला. रेघ दिसतेय ना."

"आता मी शब्द फिरवला तर लोक म्हणतील, सासूसाठी फिरवला."

"आणि बरोबरच म्हणतील." आजींनी तबकडी मांडीवर ठेवली. "माझ्यासाठी ठेवू नकोस. दवाखान्याला जागा हवीय, ती मलाही पटते. आजारपणात मी स्वतः त्या फाटकात अडकून पडलेय. पण मला न मोजता बंद करू नकोस."

"तुम्ही तेव्हा येत नव्हता, आई. असता तर मोजलंच असतं."

"हो ना. जी माणसं आली ती तू मोजलीस. जी येऊच शकली नाहीत, त्यांच्यासाठी त्या यंत्रात खटका कुठेय?"

 सुनेने पिशवीतून यंत्र काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिलं. मजूर चहा पिऊन आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं की आजचं काम इथेच थांबवा.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि सगळं उघड सांगून टाकलं: माझा निष्कर्ष घाईचा होता, मला पुन्हा बघायचंय, माझ्या सासूबाई तिथे खेळतात, म्हणून माझ्या एकटीचं म्हणणं धरू नका, सोबत दुसरं कुणीतरी द्या. साहेब नाराज झाले. दवाखान्याला शब्द देऊन बसले होते ते. पण त्यांनी सोबतीला एक सहकारी दिले. हे गृहस्थ जातील तिथे छत्री नेत, पाऊस असो वा नसो. आणि मोठ्या माणसांनी तबकड्या फेकणं म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा, असं त्यांचं ठाम मत होतं. मोजणीबाईंना असाच माणूस हवा होता.

दोघं आधी टेकडीवर गेले. या वेळी त्यांनी किती माणसं आहेत ते पाहिलं नाही. कुठून आलात, कसे आलात, ते विचारलं. जवळजवळ सगळे स्वतःच्या गाडीने आलेले. डेपोच्या बाजूचे अगदी थोडे. मग दोघं आमच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत दारोदार हिंडले. सगळीच उत्तरं आमच्या बाजूची नव्हती. एक आजोबा म्हणाले, मला खेळ नको, शांतता हवी. एक आई म्हणाली, तबकडी माझ्या बाळाला लागली तर? छत्रीवाले ती उत्तरं विशेष मन लावून ऐकायचे. पण बाकीच्यांनी सांगितलं ते असं की बस टेकडीवर चढत नाही, शेवटचा चढ पायीच आहे. कुणी म्हणालं, एकदा गेलो होतो, पण मागचे सारखे ‘चला, आटपा’ करतात; शिकणाऱ्याला लाज वाटते. आणि बऱ्याचजणांना घरामागे असं मैदान आहे, हेच ठाऊक नव्हतं. गवत इतकं वाढल्यावर कळणार तरी कसं?

बाकावर बसून पाय चोळत छत्रीवाले म्हणाले, "मला हा खेळ अजूनही पटत नाही." मग थोड्या वेळाने, "पण ज्यांना खेळायचंय त्यांच्यातले निम्मे वर पोचत नाहीत, हे खरं आहे. मी तसं सांगेन."

त्यांनी तसंच सांगितलं. मग साहेब स्वतः बघायला आले. आजींनी त्यांच्या हातात तबकडी दिली. साहेबांनी जोर लावला आणि ती सरळ दवाखान्याच्या छपरावर गेली. आजी म्हणाल्या, "जोर नको, साहेब. कापड ओढून शिवलं की चुण्या पडतात." दुसरी फेक बरी गेली. तिसरी माझ्या कड्याला लागली. साहेब चौथी फेकायला निघाले तेव्हा मोजणीबाईंनी त्यांना हळूच बैठकीची आठवण करून दिली.

निकाल लागला तो असा. दवाखान्याकडची कड गाड्यांसाठी द्यायची. आमच्यातल्या पाचजणींनी तिथेच राहायचं, गवत कापायचं, तेल द्यायचं, फाटकावर पाटी लावायची. आणि उरलेल्या चौघींना रेल्वेच्या फाटकापलीकडे, वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत हलवायचं. त्या बाजूला आजवर एकही टोपली नव्हती. म्हणजे टेकडीवर अठरा, खाली पाच आणि फाटकापलीकडे चार.

मित्रांनो, त्या चौघींत मी होते.

मला उपटायचं होतं त्या सकाळी आजी आल्या. मजूर माझ्या पायाभोवती खणत होते. आजींनी डाव्या हाताने माझ्या साखळ्या एकदा खळखळवल्या आणि म्हणाल्या, "जा, कामाला लाग." शिवणयंत्र दुरुस्तीला देताना बोलावं इतक्या सहज म्हणाल्या. मग मागे सरकल्या आणि मजुरांना सांगू लागल्या की तिरकी धरू नका, वाकेल ती. मी गाडीत आडवी पडले. इतकी वर्षं उभी असलेल्या टोपलीला आडवं पडून आभाळ बघताना काय वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. वाईट वाटलं. पण भीती वाटली नाही.

नव्या जागी सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. मग वाचनालयातले ग्रंथपाल जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले आणि त्यांनी एक तबकडी अशी जपून फेकली, जणू ती परत करायची होती. मग दोन जावा येऊ लागल्या. घरात एकमेकींशी बोलत नाहीत म्हणे. इथे मात्र कुणाच्या फेकी किती झाल्या यावरून इतक्या मनापासून भांडतात की परतताना आवाज मोकळे झालेले असतात. रेल्वे फाटकाचा राखणदार कामावरून सुटला की येतो. गर्दी नाही. पण कुणी कुणाला ‘आटपा’ म्हणत नाही.

आजींची खबर मला मोजणीबाईंकडून मिळते. त्यांचा उजवा हात तसाच आहे. घरजावई मात्र चांगलाच कामाला लागला आहे, आणि खालच्या मैदानावर नव्याने येणाऱ्यांना आजी पहिली फेक शिकवतात. कधी दोघी सासू-सुना बसने इकडेही येतात. एकदा ग्रंथपालांनी बाईंना विचारलं, "आता तरी आपल्या भागात मैदानं पुरेशी झाली ना?"

 बाईंनी त्या जावांकडे पाहिलं, राखणदाराकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या घरांकडे पाहत राहिल्या.

"आजच्यापुरती झाली," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पुन्हा बघायला येईन."

मला ते उत्तर आवडलं. मी वाट बघेन.

मित्रांनो, आता माझं थोडं मागणं. आम्हांला लोंबकळू नका, आमच्या साखळ्या ओढू नका. कधी थेंबभर तेल दिलंत तर आम्ही गोड वाजू. आणि खेळायला निघाल तेव्हा घरात जे कुणी खिडकीशी बसलं असेल, त्यांना एकदा विचारा, येता का म्हणून. नाही म्हणाले तर म्हणू देत. पण विचारा.